बोल्टचा केज की वेल्डचा? आधी गाडीचा सोमवार सांगा

प्रश्न थोडक्यात असा. २०११ची पेट्रोल स्विफ्ट आहे. रोज विजापूर रोडवरून अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामाला जाते-येते. दोन-तीन महिन्यांतून एकदा ती पुण्याकडे ऑटोक्रॉसला (मैदानात आखलेल्या वळणांवर वेळ मोजून गाडी पळवायची स्पर्धा) न्यायची, जमलं तर पुढे रॅली करायची, असा विचार आहे. त्यासाठी गाडीत केज घालायचा आहे, म्हणजे गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून आतून बसवतात तो पाइपांचा सांगाडा. गावातला एक वर्कशॉपवाला म्हणतो, "पाइप आणून इथंच वाकवतो, गाडीत वेल्ड करून देतो, हलायचं नाव घेणार नाही." मित्र म्हणतो, तयार बोल्टचा केज मागव, नको झाला तर खोलून ठेवता येतो. दोघांत ऐकायचं कोणाचं?

मी सोलापुरात बावीस वर्षं गाड्यांच्या पत्र्याचं आणि पाइपाचं काम करतोय. केजची कामं त्यातली सोळा-सतरा वर्षं. हा प्रश्न घेऊन जो येतो त्याला मी आधी एकच विचारतो: सोमवारी सकाळी ही गाडी कुठं असणार? तुमच्या प्रश्नात त्याचं उत्तर आलेलंच आहे, एमआयडीसीच्या गेटवर. मग माझं उत्तर सरळ आहे. या गाडीत पूर्ण केज बसवू नका. बोल्टचाही नको आणि वेल्डचाही नको.

कारण ऐका. पूर्ण केज म्हणजे दाराच्या वरच्या कडेनं, समोरच्या काचेच्या खांबाला लागून, तुमच्या कानशिलापासून वीतभरावर जाणारा पोलादी पाइप. स्पर्धेत तो जीव वाचवतो, कारण तिथं डोक्यावर हेल्मेट असतं आणि हार्नेसनं, म्हणजे स्पर्धेच्या खांद्या-कमरेच्या पट्ट्यांनी, धड सीटला आवळून बांधलेलं असतं. रस्त्यावर हेल्मेट नसतं. कंपनीचा तीन टोकांचा बेल्ट खांद्याला पुढं-बाजूला थोडं जाऊ देतो, त्याची रचनाच तशी आहे. सात रस्त्याला कोणी बाजूनं ठोकलं तर डोकं त्या पाइपावर जाणार. साध्या गाडीत ज्या धडकेनं टेंगूळ आलं असतं, तिथं कवटीला तडा जाऊ शकतो. मागच्या सीटवर पोरं बसणार असतील तर मेन हूपचा, म्हणजे पुढच्या सीटच्या मागं उभ्या असलेल्या मोठ्या कमानीचा, तिरका पाइप त्यांच्या अगदी तोंडासमोर येतो. गाडीला बाजूच्या पडद्याच्या एअरबॅग असतील तर त्यांची उघडायची जागाच केज अडवतो.

पाइपावर काळा फोम गुंडाळला की भागलं, असं बरेच जण धरून चालतात. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो मऊ फोम दोन बोटांत दाबून बघा, सपाट होतो. डोक्याचा मार तो झेलत नाही. एफआयएच्या, म्हणजे मोटर स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, ८८५७-२००१ मानकाचं पॅडिंग हाताला कडक लागतं, नखही नीट रुतत नाही, आणि केजच्या पाइपावर लावायचं ते हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठी. उघड्या डोक्यासाठी कोणताच केज बनवलेला नसतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे, आरसी बुकात नोंदलेला तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सीट काढल्या, दोन माणसांपुरती गाडी केली, पाइप वेल्ड केला, तर एमएच-१३च्या त्या नंबर प्लेटवर ती रोज चालवणं म्हणजे अडचणीला बोलावणं. अपघातानंतर विमावाल्यानं बोट ठेवलं तर तेव्हा सांगायला काही उरत नाही.

अर्धा उपाय म्हणून पुष्कळ जण फक्त चार टोकांचा हार्नेस लावून मोकळे होतात. कंपनीच्या सीटवर, केज नसताना हार्नेस लावू नका. गाडी उलटून छत खाली आलं तर साध्या बेल्टमध्ये माणूस कडेला झुकतो, हार्नेस त्याला ताठ बसवून ठेवतो आणि छताचा भार मानेवर येतो. हार्नेस, सीट आणि केज ही तिन्ही एकमेकांच्या भरवशावर असतात, त्यातलं एक उचलून लावण्यात धोकाच जास्त. सध्याच्या स्विफ्टला चांगले टायर, ब्रेकचे नवे पॅड आणि फ्लुइड द्या, स्वतःला चांगलं हेल्मेट घ्या, आणि कंपनीच्या अवस्थेतल्या गाड्यांचा वर्ग ज्या स्पर्धेत असेल तिथं उतरा. एफएमएससीआयचे, म्हणजे मोटर स्पर्धांच्या भारतातल्या संघटनेचे, त्या वर्षाचे नियम आणि स्पर्धेची पुरवणी नियमावली वाचल्याशिवाय एक रुपयाही पाइपात घालू नका.

आता तुम्हाला खरोखर रॅली करायची आहे असं धरतो. मग एक जुनी, गंज न लागलेली गाडी फक्त खेळासाठी घ्या, ती ट्रॉलीवरून स्पर्धेला न्यायची. त्या गाडीला बोल्ट की वेल्ड, हा प्रश्न तेव्हा खरा होतो. त्यातही मी पहिली नजर पायाकडं टाकतो. असं का, ते एका गाडीनं मला शिकवलं.

मी केलेला तिसरा की चौथा केज. गाडी झेन, केज बोल्टचा, सहा पायांचा. पाइप चांगला सीमलेस, म्हणजे बिनशिवणीचा होता, जोड स्वच्छ होते, रंगही झकास बसला होता. रॅलीत मातीच्या एका स्टेजवर, म्हणजे वेळ मोजतात त्या टप्प्यावर, गाडी वळणात सुटली आणि चारीत जाऊन उलटली. ट्रॉलीवरून परत आली तेव्हा मी एकेका पाइपावरून हात फिरवत गेलो, एकही वाकला नव्हता. मग ड्रायव्हरच्या पायाजवळची मॅट उचलली. पुढचा उजवा पाय फ्लोअरमधून चार बोटं खाली उतरला होता. खालून लावलेल्या प्लेटच्या कडेनं पत्रा असा कापला गेला होता, जशी लाटलेल्या पोळीवर वाटी दाबून पुरी काढावी. प्लेट मी जेमतेम बोल्टांना पुरेल एवढीच कापली होती, वॉशरसारखी. पाय जितका खाली गेला, तितकंच त्या बाजूचं छत खाली आलं होतं. ड्रायव्हरचं गळपट्टीचं हाड मोडलं, मान वाचली. ती मान माझ्या कामामुळं वाचली नव्हती, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. फाटलेल्या पत्र्याचा तो तुकडा मी कापून घेतला. अजून वर्कशॉपच्या भिंतीला लावलेला आहे आणि नवीन पोरगं कामाला आलं की पहिल्या दिवशी त्याच्या हातात देतो.

हिशेब करून बघा. एफआयएच्या चाचणीत मेन हूपवर वरून जो दाब देतात तो गाडीचं वजन अधिक १५० किलो, याच्या साडेसात पट धरलेला आहे. हजार किलोची गाडी घेतली तर ११५० गुणिले साडेसात, म्हणजे ८,६०० किलोच्या वर. उसानं भरलेली ट्रॉली डोळ्यांसमोर आणा. हा भार पाइपातून उतरून मोजक्या तळव्यांवर येतो, आणि तळवे टेकलेले असतात पाऊण मिलिमीटरच्या आसपासच्या पत्र्यावर. पाइप कितीही जाड घ्या, खालचा पत्रा फाटला की वरचा केज नुसता सांगाडा.

म्हणून एफआयएच्या परिशिष्ट जे, कलम २५३ मध्ये पायाचे आकडे ठरवून दिले आहेत. पुढच्या आणि मेन हूपच्या प्रत्येक पायाखाली किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटरची, म्हणजे साधारण १० बाय १२ सेंटिमीटरची प्लेट, आणि ही प्लेट बॉडीला वेल्ड केलेली हवी. तिच्यावर पायाचा तळवा, किमान तीन बोल्ट, एम८पेक्षा बारीक नाही, ८.८ ग्रेडचे. मागं जाणाऱ्या तिरक्या पाइपांच्या पायांना ६० चौरस सेंटिमीटर आणि दोन बोल्ट चालतात.

यातली एक गोष्ट तुमच्या मित्राला नक्की सांगा: बोल्टच्या केजलाही गाडीला वेल्डिंग लागतंच. "वेल्डिंग नको म्हणून बोल्टचा घेतो" हा हिशेब तिथंच चुकतो. खोका उघडला, भोकं पाडली, पान्यानं आवळलं, असा बसवलेला केज मी पाहिला की पहिल्यांदा गाडीखाली झोपून बघतो. दहातल्या कित्येकांच्या खाली नुसते वॉशर सापडतात. मी स्वतः प्लेट सपाट फ्लोअरपुरती ठेवत नाही. दाराखालच्या पेटीच्या उभ्या भिंतीवर चढेल अशी काटकोनात वाकवून घेतो, म्हणजे भार फ्लोअरच्या पातळ पत्र्याऐवजी त्या पेटीत जातो. गाडीतला तो भाग मुळातच घडीचा आणि कणखर असतो.

बोल्टचा केज कोणाला शोभतो? ज्याला दोन-तीन हंगाम खेळून बघायचं आहे, शेल, म्हणजे गाडीची रिकामी बॉडी, पुढं विकायचं आहे किंवा परत जोडायचं आहे, त्याला. तयार केज मान्यताप्राप्त बनवणाऱ्याचा असेल तर कागदासकट येतो, स्क्रुटिनीला, म्हणजे स्पर्धेआधीच्या गाडीच्या तपासणीला, तो कागद दाखवता येतो. मात्र अशा केजला एक जास्तीचं भोक पाडलं किंवा कोपऱ्यात पट्टी वेल्ड केली तरी त्याची मान्यता जाते. अपघातात एखादा पाइप गेला तर बनवणाऱ्याकडून तेवढाच मागवता येतो, ही मोठी सोय.

उणी बाजू अशी की तो खांबांपासून सुटा राहतो. गाडीत बाहेरून आत घालायचा, तुकडे जोडायचे, म्हणजे हात शिरायला जागा हवी, त्यामुळं पाइप आणि खांब यांच्यात दोन-तीन बोटांची फट राहते. तेवढाच तो तुमच्या डोक्याकडं सरकतो. स्विफ्टसारख्या गाडीत उंच माणसाला हे जाचतं. गाडी वळणात पिळली जाते तेव्हा बॉडी आपली पिळली जाते, केज आपला उभा. हाताळणीत फरक वाटेल तो थोडाच.

आणि "खोलून ठेवता येतो" हे अर्धंच खरं. एकदा बसवताना डॅशबोर्ड कापला जातो, छताचं कापड निघतं, फ्लोअरला अठरा-वीस भोकं पडतात. केज काढला तरी ती गाडी पूर्वीची होत नाही.

आपल्याकडं आणखी एक आहे, काळी माती. स्टेजवर उडालेला चिखल खालच्या नटांवर लिंपून बसतो, आत ओल धरून ठेवतो, आणि भोकाच्या कापलेल्या कडेपासून गंज सुरू होतो. भोक पाडलं की लगेच कडेला प्रायमर, मग बसवताना सीलंट, आणि प्रत्येक स्पर्धेनंतर खालून पाण्याचा फवारा. नट नायलॉकचे, आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे. एम८चा बोल्ट २५ न्यूटन-मीटरच्या आसपास, एम१०चा ५०च्या आसपास आवळून त्यावर रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. पहिल्या सरावानंतर सगळे बोल्ट पुन्हा बघायचे, नवा केज बसतो तेव्हा थोडा खाली बसतोच.

वेल्डचा केज ही वेगळी जात आहे. नीट केला तर तो गाडीचा भागच होतो. पाइप खांबाला घासून जातो, मग खांब आणि पाइप यांच्यामध्ये जागोजागी पत्र्याच्या गसेट पट्ट्या घालून दोन्ही एक करता येतात. डॅशबोर्डच्या मागून आडवा पाइप, छताला फुली, दाराला फुली, मागं सस्पेन्शनच्या माथ्याकडं जाणारे पाइप, असं सगळं एका साच्यात येतं. गाडी ताठ होते, सस्पेन्शन जे काम करतं ते चाकापर्यंत पोचतं. डोक्याजवळ जागाही जास्त मिळते. रॅलीच गंभीरपणे करायची असेल तर मी वेल्डच सांगतो, त्यात माझं दुमत नाही.

पण तो करायला वेळ लागतो, आणि "इथंच वाकवून दोन दिवसांत वेल्ड करून देतो" हे ऐकलं की मला काळजी वाटते. गाडी आधी पूर्ण रिकामी करावी लागते. सीट, कार्पेट, काचा, डॅशबोर्ड, वायरिंग, पेट्रोलची टाकी, सगळं बाहेर. फ्लोअरवरच्या डांबरी शीट खरवडून काढायच्या, नाहीतर वेल्डच्या उष्णतेनं त्या पेट घेतात आणि धूर जोडात शिरतो. बॅटरीच्या तारा सोडवायच्या, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, काढून बाजूला ठेवायचा. मग गाडी समपातळीवर, सस्पेन्शनच्या जागी टेकू देऊन उभी करायची आणि चारही दारांच्या चौकटींचे कर्ण टेपनं मोजून भिंतीवर लिहून ठेवायचे. आधी सगळा केज टाक्यांवर, म्हणजे वेल्डच्या नुसत्या ठिपक्यांवर, उभा करायचा, मग एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं असं थोडं थोडं वेल्ड करत जायचं. एकाच कोपऱ्यात बसून सगळं वेल्ड उरकलं तर बॉडी ओढली जाते आणि नंतर दार लागत नाही. माझ्याकडं दुसऱ्याकडून अर्धवट झालेली अशी एक गाडी आली होती, उजव्या दाराला वरच्या कोपऱ्यात अंगठा जाईल एवढी फट.

खरा कस लागतो तो छताजवळच्या जोडांना. पाइप छताला इतका चिकटून असतो की वरच्या अंगाला वेल्डिंगचा टॉर्च शिरतच नाही. घाईचा माणूस खालून आणि बाजूंनी वेल्ड करतो, वरचा अर्धा जोड कोराच सोडतो. बाहेरून कोणाला दिसत नाही. नियम सांगतो, जोड पूर्ण परिघानं वेल्ड झाला पाहिजे. त्यासाठी आम्ही असं करतो: मेन हूपच्या आणि पुढच्या पायांखाली फ्लोअरला भोकं पाडतो, टाक्यांवर जोडलेला अख्खा केज त्या भोकांतून खाली सोडतो, आता छत आणि पाइप यांत वीतभर जागा मिळते, वरचे जोड पूर्ण गोल वेल्ड करतो, मग केज पुन्हा वर उचलून भोकांवर प्लेटा बसवून त्यावर पाय टेकवतो. तुमच्या वर्कशॉपवाल्याला एवढंच विचारा, "छताकडचा वरचा अर्धा जोड तुम्ही कसा वेल्ड करता?" तो हे किंवा असलंच काही सांगू लागला तर पुढं बोला. "ते खालून होतं हो" म्हणाला तर चहा पिऊन निघा.

पाइपाबद्दल सविस्तर सांगतो, कारण निम्मी फसवणूक इथं होते, पुष्कळदा न कळत. कलम २५३ला हवा असतो कोल्ड ड्रॉन, म्हणजे न तापवता ओढून काढलेला, सीमलेस कार्बन स्टीलचा पाइप, कार्बन ०.३ टक्क्यांपर्यंत, ताणशक्ती किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. मेन हूपला ४५ मिलिमीटर बाय २.५ किंवा ५० बाय २. बाकीच्या पाइपांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. हे आकडे बाहेरच्या व्यासाचे आहेत. आता पाइपाच्या दुकानात जाऊन तुम्ही "दीड इंची" मागितलात तर हातात काय येतं? पाण्याचा पाइप. त्यातलं दीड इंच हे नाव आहे, माप नाही, बाहेरून तो ४८.३ मिलिमीटर भरतो. बी क्लास, सी क्लास हे शब्द ऐकू आले की समजा, तुम्ही नळजोडणीच्या पाइपासमोर उभे आहात. तो पत्रा गोल करून शिवण वेल्ड केलेला असतो. टोकातून आत बोट घालून गोल फिरवा, शिवणीची धार बोटाला लागते. सीमलेसमध्ये आतून सगळीकडं सारखं गुळगुळीत लागतं. जस्त चढवलेला जीआय पाइप तर दारातही आणू नका. वेल्ड करताना जस्ताचा धूर वेल्डरला ताप आणतो आणि जोडात बुडबुडे सोडतो.

विकत घेताना मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि पाइपावरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या घाण्याचा नंबर, त्याच्याशी जुळवा. स्थानिक दुकानात हे मिळत नाही, पुण्या-मुंबईहून मागवावं लागतं. मागवा. क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद, घेऊ का, असंही विचारतात. तो ताकदीला जास्त आहे, म्हणून नियमाला मान्य असेल तिथं पातळ पाइप घेऊन वजन वाचवता येतं. त्याच मापाचा क्रोमोली साध्या पोलादापेक्षा जास्त ताठ असतो हा मात्र गैरसमज, ताठपणा दोन्हींचा जवळजवळ सारखाच. वेल्डिंगला तो जास्त नखरेल आहे. पहिल्या केजला साधं कार्बन स्टीलच बरं.

वाकवणं थंडच हवं. गॅस मारून लाल केला की कोल्ड ड्रॉइंगनं आलेली ताकद तिथंच निघून जाते. वाकाची त्रिज्या, पाइपाच्या मध्यरेषेवर मोजलेली, व्यासाच्या किमान तिप्पट. ४५च्या पाइपाला १३५ मिलिमीटर, ३८च्या पाइपाला ११४. गेट आणि ग्रिलवाल्यांकडचं हायड्रॉलिक बेंडर पाण्याच्या पाइपाच्या मापाचं असतं. त्यात ३८चा पाइप सैल बसतो आणि वाकताना पोटात चपटा होतो. व्हर्नियर घ्या, वाकाच्या मध्यावर दोन दिशांनी मापा. लहान माप भागिले मोठं माप, उत्तर ०.९च्या खाली आलं की तो पाइप बाद. ३६ आणि ४० आलं तर काठावर पास, ३५ आणि ४१ आलं तर भंगारात. मी असे पाइप बाजूला टाकले तेव्हा गिऱ्हाईक हळहळलं आहे, पण वाकाच्या पोटात सुरकुती पडलेला पाइप उलटताना तिथंच दुमडतो.

वजनाचाही विचार करा. ४५ बाय २.५चा पाइप मीटरला २.६ किलो, ३८ बाय २.५चा २.२ किलो. सहा पायांचा, दारांना आडवे पाइप असलेला बोल्टचा केज साधारण चार मीटर जाड आणि चौदा मीटर बारीक पाइप खातो, प्लेटा धरून पंचेचाळीस किलोच्या घरात. पूर्ण वेल्डच्या केजमध्ये बारीक पाइप चोवीस-पंचवीस मीटरवर जातो, म्हणजे साठ-पासष्ट किलो. सीट-कार्पेट निघाल्यानं त्यातलं बरंच भरून निघतं.

वेल्डर कुठून आणायचा? या बाबतीत आपला जिल्हा नशीबवान आहे, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. जिल्हाभर साखर कारखाने आहेत, आणि त्यांच्या बॉयलरच्या नळ्या वेल्ड करणारी माणसं गोल पाइपाचा जोड डोळे मिटून ओळखतात. आर्गन वायूच्या वेल्डिंगचं काम त्यांच्या हातात मुरलेलं असतं. अडचण एवढीच की गाळप हंगाम सुरू असताना ते सापडत नाहीत. मी मोठी केजची कामं उन्हाळ्यात घेतो. तेव्हा वर्कशॉपचा पत्रा तापून दुपारी उभं राहवत नाही, म्हणून पहाटे सहाला सुरुवात करून अकराला थांबतो. सीओटू वेल्डिंगही, म्हणजे वायूच्या आवरणात तारेनं करायचं, चालतं, हात चांगला आणि सेटिंग बरोबर असेल तर. रॉडच्या वेल्डिंगनं मात्र केज करू देऊ नका. गेट करणाऱ्याचा हात कितीही सफाईदार असला तरी अडीच मिलिमीटरच्या पाइपाला, आडव्या-उलट्या अवस्थेत, ते काम नाही.

कोणालाही काम देण्याआधी त्याच्याकडून त्याच पाइपाचा एक टी-जोड करून घ्या. आधी वेल्ड न करता दोन तुकडे जुळवून दाखवायला सांगा. आडव्या पाइपाच्या टोकाला माशाच्या तोंडासारखा कट असतो, तो दुसऱ्या पाइपावर असा बसला पाहिजे की मागून बॅटरी धरली तर उजेड दिसू नये. फट राहिली की त्यात सळईचा तुकडा भरून वरून वेल्ड ओढायची सवय पुष्कळांना आहे. वरून सुंदर दिसतं, आत काही नसतं. जोड झाला की तो उभा कापा आणि बघा, वेल्ड मुळापर्यंत गेलंय का. बॉयलरवाले डीपी टेस्ट करतात, लाल द्रव मारून पुसायचा, पांढरी पावडर फवारायची, चीर असेल तिथं लाल रेघ उमटते. तेच किट केजच्या प्रत्येक जोडाला वापरा. आणि जोडांवर ग्राइंडर फिरवून गुळगुळीत करू देऊ नका, त्यानं ताकदही जाते आणि दोषही झाकला जातो.

जिप्सी घेणाऱ्यांसाठी एक आडवाटेचा मुद्दा, कारण पुढं तोही मोह होईल. जिप्सीची बॉडी चॅसिसवर रबरांवर बसलेली असते. केजचे काही पाय बॉडीला आणि काही थेट चॅसिसला बांधले तर खडबडीत रस्त्यावर दोन्ही वेगवेगळे हलतात आणि महिन्याभरात पायांजवळ चिरा दिसू लागतात.

तेव्हा तुमच्यापुरतं सांगायचं तर, आजची स्विफ्ट आहे तशी कामाला जाऊ द्या. एक-दोन हंगाम कंपनीच्या वर्गात चालवा. त्यानंतरही ओढ टिकली तर दुसरी गाडी घ्या. रॅलीच करायची ठरली असेल तर वेल्डचा केज करा. अजून मन पक्कं नसेल तर मान्यताप्राप्त बोल्टचा, आणि त्याच्या प्लेटा बॉडीला वेल्ड करून. गावातल्या माणसाला नाही म्हणा असं माझं मत नाही. टी-जोड बघा, छताजवळचा प्रश्न विचारा, पाइपाचा कागद मागा. या तिन्हींत तो टिकला तर काम गावातच राहू द्या.

आणि माझ्याकडं किंवा कोणाकडंही याल तेव्हा आधी सीट घेऊन या. लोक केज करून घेतात आणि मग सीट शोधतात, नंतर कळतं की बकेट सीटमध्ये बसल्यावर डोकं वरच्या पाइपाला लागतंय. सीट पक्की बसवा, तुमचंच हेल्मेट घालून, रेसिंगचे बूट घालून तीत बसा, स्टिअरिंग धरा. त्या अवस्थेत मी डोक्याच्या वर आणि बाजूला खडूनं खुणा करतो. हेल्मेट आणि पाइप यांत चार बोटांपेक्षा कमी अंतर मी ठेवत नाही, जास्त मिळालं तर उत्तमच. हार्नेसचे खांद्यावरचे पट्टे ज्या आडव्या पाइपाला बांधायचे तो कुठं येणार, तेही तेव्हाच ठरतं. पट्टे सीटच्या पाठीवरून मागं जवळजवळ सपाट जायला हवेत, खाली उतार दहा अंशांपर्यंत चांगला, पंचेचाळीसच्या वर तर चालतच नाही. नवरा-बायको, भाऊ-भाऊ असे दोघं खेळणार असाल तर दोघंही या, दोघांच्याही खुणा लागतील. रविवारी सकाळी या, अर्धा दिवस हाताशी ठेवून.